माशीचा डोळा आणि आईचा चेहरा



दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाची प्लेट सांभाळत एक मित्र म्हणाला, “चष्म्याशिवाय थ्रीडी दिसणारे फोन सगळ्यांकडे येऊ देत, मग बघ! सातारची आई थेट तुझ्या किचनमध्ये उभी!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा बोलायला मिळालं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कल्पना सुंदर आहे, हे आधीच मान्य करतो. माशीच्या डोळ्यात हजारो बारीक भिंगं असतात. १९०८ साली गॅब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने फोटोसाठी तशीच भिंगांची जाळी सुचवली. प्रत्येक भिंग वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा प्रकाश पाठवतं. त्यामुळे दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रं मिळतात आणि दृश्याला खोली येते.

पण हिशोब करा! १०८० बाय २४०० पिक्सेलच्या स्क्रीनवर एकेका भिंगाखाली १० बाय १० पिक्सेल दिले, तर शंभर दिशा मिळतात खऱ्या. पण चित्र उरतं १०८ बाय २४० ठिपक्यांचं. जुन्या व्हिडिओ कॅसेटहून धूसर! पिक्सेल वाढवले तरी ही वाटणी चुकत नाही. खुद्द माशीलाही चौफेर दिसतं, हालचाल चटकन टिपता येते, पण बारकावे दिसत नाहीत.

मग पळवाट काय? दोनच चित्रं दाखवायची. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएसमध्ये भिंगांऐवजी बारीक आडोसे वापरून हेच केलं होतं. मान जरा कलली की चित्र बिघडायचं. २०१४ च्या मॉडेलने चेहऱ्याचा माग काढला, पण एकाच खेळणाऱ्याचा. मधल्या काळात, २०१३ मध्ये, त्याच कंपनीने थ्रीडी वगळलेलं टूडीएस बाजारात आणलं होतं. यातच सगळं आलं!

आता आपली रविवार सकाळ आठवा. एका फोनवर चौघं वाकलेले. दोन चित्रांचा फोन एकालाच नीट आई दाखवणार. माशीच्या डोळ्याचा फोन चौघांना दाखवेल, पण धूसर. शिवाय आईच्या फोनचा कॅमेरा एकाच जागेवरून बघतो. उरलेला चेहरा सॉफ्टवेअर अंदाजाने भरणार. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच करतो, म्हणून सांगतो, आईचा चेहरा मला अंदाजाने नकोय!

तिचे डोळे सुजलेत का, “गोळ्या घेतल्या” म्हणताना ती नजर चुकवते का, हे मला बघायचंय. त्यासाठी स्वच्छ चित्र लागतं.

आणि आई खरोखर किचनमध्ये उभी हवी असेल, तर मंडळी, थ्रीडी फोनचे पैसे बाजूला ठेवा आणि तिचं तिकीट काढा.