'माका नाका' हा कुठला नाका?

रविवारी संध्याकाळी आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर एक खेळ चालतो. एकानं मोबाईलवर जुनं गाणं लावायचं, स्क्रीन हातानं झाकायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं. गायक नव्हे, तो सगळ्यांनाच ओळखता येतो. ओळखायचं ते वाद्य: ट्रम्पेट, सॅक्सोफोन की क्लॅरिनेट? आणि जमलंच तर वाजवणाऱ्याचं नाव.

गेल्या महिन्यात 'ईना मीना डीका' लागलं. त्यात 'माका नाका' हे शब्द आले आणि निपाणीचा मित्र म्हणाला, "हा कुठला नाका रे? मला एक कोगनोळीचा टोल नाका माहीत आहे." सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "अरे, ती कोकणी आहे. माका नाका म्हणजे मला नको." त्यावर एक जण म्हणाला, "म्हणजे त्याला अर्थ आहे? मला वाटलं नुसतं काहीतरी आहे!"

हे 'नुसतं काहीतरी' माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

'आशा' हा चित्रपट १९५७ चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचं. पण या गाण्याची एक आठवण सांगितली जाते. संगीताच्या खोलीबाहेर मुलं इंग्रजी 'ईनी मीनी' म्हणत खेळत होती. त्यावरून अण्णा आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी शब्दांशी खेळायला सुरुवात केली, आणि गोम्स यांनी त्यात आपली कोकणी घुसवली. साठ-सत्तर वर्षं सगळा देश ती कोकणी गातोय. ती कोकणी आहे हे मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

शब्दांचा असा खेळ ही जॅझचीच सवय. लुई आर्मस्ट्राँगनं १९२६ मध्ये 'हीबी जीबीज' या रेकॉर्डमध्ये शब्द सोडून नुसत्या बोलांत गायला सुरुवात केली आणि 'स्कॅट' घरोघर पोचलं. पुढे आलेल्या 'बीबॉप'चं तर नावच तसल्या बोलांतून आलेलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. या मुलखात तराणा आणि तबल्याचे बोल ऐकत माणसं मोठी होतात. शब्दाला अर्थ नसला तरी सुराला असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण जॅझच्या रसिकांची दुसरी एक सवय आपल्याला नाही. ते नाव विचारतात. जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर बहुतेक वेळा फक्त बँडचं नाव असायचं. आत ट्रम्पेट कोणी वाजवला, पियानोवर कोण होतं, हे कंपनी छापत नसे. रसिक एकत्र बसून वाद घालायचे, पैजा लावायचे, वादकांना पत्रं लिहून विचारायचे. त्या गप्पांतूनच १९३६ मध्ये पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी 'हॉट डिस्कोग्राफी' छापली. कुठल्या रेकॉर्डमध्ये कोण वाजवतंय याचीच ती यादी. पुढे १९४६ मध्ये लेनर्ड फेदर यांनी मासिकातून 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' सुरू केली. नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि मोठमोठ्या वादकांनाच ओळखायला लावायचं. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या खेळाचा थोरला भाऊच!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रेकॉर्डवरच्या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणू नये. कंपन्यांनी जी नावं छापली नाहीत ती गप्पा मारणाऱ्यांनी वाचवली.

आपल्याकडे काय झालं? 'अलबेला' १९५१ चा. 'शोला जो भडके'वर भगवानदादा आणि गीता बाली नाचतात, ते सगळ्यांना पाठ आहे. याच चित्रपटात पडद्यावर जो बँड दिसतो तो चिक चॉकलेट यांचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देसमधलं हळदोणे. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मागे व्हायोलिनांच्या ज्या लाटा उठतात त्यांची लिखापढी सेबॅस्टियन डिसोझा यांची. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. ही मुलं मुंबईला गेली, रात्री हॉटेलात जॅझ वाजवली आणि दिवसा स्टुडिओत बसून आपल्या सिनेसंगीताला हार्मनी दिली. रेकॉर्डच्या लेबलवर गायक, संगीतकार, चित्रपट अशी नावं यायची. यांची नाही.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचंच घ्या. ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं आठवण ठेवली म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये ते नाव आलं. आज ते नाव घेतलं की अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो, व्हायोलिन शिकवणारे मास्तर आठवत नाहीत. मला शाळेत कितीदा तरी याच नावानं हाक मारलीय. तेव्हा राग यायचा. हा माणूस कोण होता हे माहीत असतं तर ताठ मानेनं 'ओ' दिली असती.

कुणी म्हणेल, गाणं आवडलं की झालं. वाजवणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळाले, विषय संपला. पैसे मिळाले हे खरं. पण गवंड्याला मजुरी मिळाली म्हणून घर कुणी बांधलं हे विचारायचंच नाही, असं असतं का?

आता घरचं सांगतो. आमच्यात आजोबांना शापाय म्हणतात. माझे शापाय तरुणपणी दोन-तीन वर्षं मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे, मग बेळगावला परतून नोकरीला लागले. रेडिओवर जुनं गाणं लागलं की मधेच म्हणायचे, "हांगा हांव आसा." इथे मी आहे. आम्ही नातवंडं हसायचो. शापायची फेकाफेकी, म्हणायचो. कुठली गाणी, कुठला स्टुडिओ, शेजारी कोण बसायचं, काहीच विचारलं नाही. माझी कोकणीही अशी की समजते, पण बोलायला गेलो की मराठीच तोंडात येते. ते गेले त्याला चार वर्षं झाली. आता ती गाणी ऐकताना ट्रम्पेट आला की मी थांबतो, पण तिथे ते आहेत की नाहीत हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आपण बेळगावकर नावांसाठी किती भांडतो! बेळगाव की बेळगावी, पाटी मराठीत की कन्नडमध्ये. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस. दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, आम्ही ख्रिस्ती लोक मृतांचा दिवस पाळतो. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून मिस्साला देतो. नाव विसरू नये एवढीच त्यामागची माया. पाटीवरच्या नावासाठी जेवढा जीव टाकतो, त्यातला थोडा या माणसांच्या नावांसाठी टाकायला काय हरकत आहे?

निपाणीच्या त्या मित्राच्या घरी तीन पिढ्या लग्नाचा बँड आहे. परवा त्याला विचारलं, "तुझ्या पणजोबांना क्लॅरिनेट कोणी शिकवलं?" तो म्हणाला, "माहीत नाही रे. आजोबांना विचारतो." रात्री त्याचा फोन आला. नाव मिळालं होतं, आणि त्याचबरोबर आजोबांनी सांगितलेल्या तासभराच्या गोष्टीही.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की एवढं करा. घरात, गल्लीत, चर्चच्या गायनमंडळात, बँडमध्ये कुणी म्हातारं वाजवणारं असेल तर त्यांच्यासोबत एक गाणं ऐका आणि विचारा, हे कोण वाजवतंय? मिळेल ते नाव वहीत लिहा. आणि कळलं नाहीसा एखादा शब्द आला, तर हसा खुशाल, पण हसून झाल्यावर विचारा, ही कुणाची भाषा?