दुकान थाटणे आणि दुकान टिकवणे

शहरातील कोणत्याही नव्या वसाहतीच्या मुख्य रस्त्यावरून वर्षाच्या अंतराने दोनदा फिरून यावे. पहिल्या फेरीत ज्या गाळ्यावर झेंडूचे तोरण आणि ‘शुभारंभ’ अशी पाटी दिसली होती, त्याच गाळ्यावर दुसऱ्या फेरीत ‘भाड्याने देणे आहे’ असा फलक लटकलेला आढळण्याचा संभव बराच असतो. हे दृश्य आता इतके नित्याचे झाले आहे की, त्यामागे कोणा निवृत्त शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी, कोणा कारकुनाने पतपेढीतून काढलेले कर्ज किंवा कोणा गृहिणीचे मोडलेले दागिने असू शकतील, हा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. दुकान बुडाले की दोनच निदाने कानावर येतात. ‘भांडवल अपुरे पडले’ हे एक आणि ‘धंदा आपल्या रक्तातच नाही’ हे दुसरे. ही दोन्ही निदाने तपासून घेण्याची वेळ आलेली आहे; कारण स्पर्धापरीक्षांच्या वर्गांत उमेदीची वर्षे घालवून बाहेर पडलेल्या तरुणांना ‘आता काहीतरी धंदा करा’ असा उपदेश आज घरोघर होत असतो, आणि त्या धंद्याचे पहिले रूप बहुधा दुकान हेच असते.

भांडवल हेच दुकानदारीचे मर्म असते, तर ज्यांच्यापाशी ते विपुल होते ते तरी तरले असते. गेल्या पाव शतकातील भारताच्या किरकोळ व्यापाराचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो.

दोन पडझडी

‘सुभिक्षा’चे उदाहरण प्रथम घेऊ. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या या दुकानाने थाटमाट टाळून, वाणसामान व औषधे स्वस्त दराने विकून तामिळनाडूत चांगला जम बसवला होता. वातानुकूलन नाही, झगमगाट नाही, घराजवळ छोटे दुकान, असा तो साधा आराखडा होता. पुढे मात्र देशभर पसरण्याची घाई झाली. २००६ नंतरच्या दोन-अडीच वर्षांत दुकानांची संख्या काही पट वाढून सुमारे सोळाशेवर गेली. या विस्ताराला कर्जाचा आधार मोठा होता आणि स्वतःच्या भांडवलाचा आधार त्या मानाने तोकडा. २००८ मध्ये जगभर पैशाची टंचाई निर्माण होताच नवे कर्ज मिळेना. पुरवठादारांची देणी थकली, नोकरांचे पगार थकले, फळ्या रिकाम्या पडल्या. २००९ च्या प्रारंभी हा सारा पसारा बंद पडला. गिऱ्हाईक नव्हते म्हणून ही दुकाने बुडाली नाहीत. गिऱ्हाईक दारात उभे असताना आत माल नव्हता, म्हणून ती बुडाली.

दुसरे उदाहरण ‘बिग बझार’चे. किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये कोलकाता, बंगळूर व हैदराबाद येथे ही दुकाने उघडली. भारतीय गिऱ्हाइकाचा स्वभाव त्यांच्याइतका फार थोड्यांनी ओळखला असेल. सुनसान, चकचकीत दुकानात आपला मध्यमवर्ग बिचकतो. धान्य हाताने चाचपून पाहिल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. गर्दी दिसली म्हणजे भाव रास्त असावा असे त्याला वाटते. हे जाणून बियाणींनी दुकानाला मुद्दाम बाजाराचे रूप दिले. २६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी जाहीर केलेल्या स्वस्त विक्रीच्या दिवशी उसळलेली गर्दी आवरणे कठीण झाले होते. परंतु गिऱ्हाइकाची नाडी कळणे निराळे आणि कर्जाचा भार पेलणे निराळे. विस्तारापायी कर्ज वाढले. ते कमी करण्यासाठी २०१२ मध्ये ‘पॅन्टलून्स’ ही स्वतःची पहिली दुकाने आदित्य बिर्ला समूहाच्या हाती सोपवावी लागली. त्यानंतरही कर्जाचा डोंगर पुन्हा उभा राहिला. २०२० मध्ये टाळेबंदी आली. विक्री थांबली, पण भाडे आणि व्याज थांबले नाही. त्याच वर्षी रिलायन्सशी ठरलेला विक्रीचा व्यवहार अ‍ॅमेझॉनबरोबरच्या कायदेशीर झगड्यात अडकला आणि २०२२ मध्ये मोडला. त्या वर्षीच फ्युचर रिटेल या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिच्या परिसमापनाचा आदेश निघाला.

दोन्ही ठिकाणी कल्पकता होती, बाजारपेठ होती, पैसाही होता. मग उणे काय होते?

फिरत्या मालाचे गणित

याचे उत्तर मिळवण्यासाठी अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. गल्लीतल्या दुकानाचा साधा हिशेब पुरेसा आहे. समजा, एका दुकानात नेहमी तीन लाख रुपयांचा माल असतो आणि दुकानदार खरेदीच्या किमतीवर दहा टक्के नफा घेतो. भाडे, वीज व नोकराचा पगार धरून महिन्याचा खर्च वीस हजार, म्हणजे वर्षाचा २ लाख ४० हजार रुपये आहे. हा माल वर्षातून बारा वेळा विकला जाऊन पुन्हा भरला गेला, तर दुकानाला ३ लाख ६० हजार रुपये मिळतात आणि खर्च वजा जाता १ लाख २० हजार हाती राहतात. तोच माल वर्षातून चारच वेळा फिरला, तर मिळकत १ लाख २० हजारांची होते, आणि खर्च भागवताना तितक्याच रकमेची खोट येते. दुकान तेच, भांडवल तेच, नफ्याचा टक्काही तोच. एक दुकान तरते आणि दुसरे बुडते.

आता त्याच दुकानदाराने नफ्याचा टक्का दहावरून आठवर आणला आणि भाव उतरल्यामुळे माल वर्षातून अठरा वेळा फिरला, असे धरू. मिळकत ४ लाख ३२ हजार होते आणि खर्च वजा जाता १ लाख ९२ हजार उरतात. गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळाला आणि दुकानदारालाही जास्त मिळाले. ‘कमी नफा, जास्त विक्री’ हे आपल्या पेठांतील जुने सूत्र होय. त्यात दया किंवा धर्म नाही, हिशेब आहे. दुकानाचा प्राण नफ्याच्या टक्क्यात नसून मालाच्या फिरण्यात आहे.

नवशिक्या दुकानदाराची चूक नेमकी येथे होते. पाच लाख रुपये जमले की त्यांतील तीन लाख तो अनामत, काच, रंगरंगोटी व दिवे यांत घालतो. उरलेल्या दोन लाखांत जो माल भरतो तो गिऱ्हाइकाला हवा असलेला नसतो; स्वतःला आवडलेला असतो. मालाने भरलेली फळी पाहून त्याला समाधान वाटते. वस्तुतः फळीवर धूळ खात पडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे गोठलेला पैसा असतो, आणि त्यावर भाडे व व्याज रोज चढत असते.

संथ चालणाऱ्याची कथा

या पार्श्वभूमीवर ‘डी-मार्ट’चा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. राधाकिशन दमाणी हे शेअरबाजारातील मुरलेले गुंतवणूकदार. स्वतःचे दुकान काढण्यापूर्वी त्यांनी नव्या मुंबईतील नेरूळ येथे ‘अपना बाजार’ची शाखा चालवायला घेतली होती. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत उभ्या राहिलेल्या या ग्राहक सहकारी संस्थेने मुंबईच्या मध्यमवर्गाला रास्त भावाची सवय लावली. तिची व्यापारपद्धती मात्र दमाणींना पटली नाही आणि त्यांनी स्वतंत्र वाट धरली. कोट्यधीश गुंतवणूकदाराने आधी एका साध्या दुकानात उमेदवारी करावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले. पुढील आठ वर्षांत ही संख्या पंचवीसच्या आसपासच पोहोचली होती. ज्या काळात सुभिक्षा दोन वर्षांत हजाराचा टप्पा ओलांडत होती, त्याच काळात हा गृहस्थ वर्षाकाठी मोजकीच दुकाने काढत होता! जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली, सजावट बेताची, मालाचे प्रकार मोजके, पण रोज खपणारे, आणि पुरवठादाराचे पैसे इतरांच्या मानाने फार लवकर चुकते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याचे पैसे वेळेवर मिळतात तो पुरवठादार भाव कमी लावतो आणि टंचाईच्या दिवसांत प्रथम त्याच दुकानाला माल देतो. भाव कमी म्हणून खप अधिक, खप अधिक म्हणून पैसा लवकर मोकळा, आणि पैसा मोकळा म्हणून पुन्हा रोख खरेदी, असे हे चक्र आहे.

या चक्राने पुढे वेग घेतला. मार्च २०१७ मध्ये कंपनीच्या शेअरांची जाहीर विक्री झाली तेव्हा दुकाने १३१ होती. मार्च २०२५ अखेर ती ४१५ झाली. २०२४-२५ या वर्षात सुमारे ५९ हजार कोटी रुपयांच्या उलाढालीवर सुमारे २,७०० कोटींचा निव्वळ नफा झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे जेमतेम साडेचार रुपये! इतक्या तुटपुंज्या टक्क्यावर एवढी मोठी इमारत उभी राहते ती केवळ माल फिरत राहतो म्हणूनच.

एक रास्त आक्षेप

येथे कोणी म्हणेल की, संथपणा ही श्रीमंताची चैन आहे. ज्याच्याजवळ जागा विकत घेण्याइतका पैसा आहे तो आठ वर्षे थांबू शकतो. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचा हप्ता उभा आहे त्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. शिवाय अशी मोठी दुकाने जेथे उघडतात तेथील छोट्या वाण्याचा गल्ला घटतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. त्यात आता काही मिनिटांत सामान घरपोच करणाऱ्या कंपन्यांची भर पडली आहे. गुंतवणूकदारांच्या पैशावर त्यांनी दीर्घकाळ तोटा सोसलेला आहे. गल्लीतल्या दुकानदाराला एका वर्षाचा तोटाही झेपत नाही. ही स्पर्धा समान पायावरची नव्हे.

तथापि थोड्या भांडवलाच्या माणसाला संथपणा परवडत नसला, तर घाई त्याहूनही परवडत नाही. शिस्तीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. वर्षभर दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करून कोणती वस्तू किती दिवसांत खपते याची वही ठेवणे, सजावटीपेक्षा मालावर अधिक खर्च करणे, न खपणारी वस्तू तोट्यात विकून पैसा मोकळा करणे, दुकानाचा गल्ला आणि घराचा खर्च वेगळे ठेवणे, आणि पहिले दुकान स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहिल्याखेरीज दुसऱ्याचा विचार न करणे, या गोष्टी कोणालाही साध्य आहेत. छोट्या दुकानदाराजवळ मोठ्याकडे नसलेले एक भांडवलही आहे. त्याला गिऱ्हाईक नावाने ओळखता येते. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे त्याच्याइतके कोणत्याही संगणकाला कळणार नाही.

शासनाचे कर्तव्य

शासनाच्या धोरणातही या दृष्टीने उणीव आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेखाली छोट्या उद्योगांना विनातारण कर्जे मिळत आहेत, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यांची कमाल मर्यादा दहा लाखांवरून वीस लाखांपर्यंत वाढवण्याचे जाहीर झाले; मात्र ती आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठीच आहे. कर्ज मिळणे सोपे झाले हे ठीकच. परंतु कर्ज फेडण्यापुरता माल फिरेल की नाही, हे पाहण्याची विद्या कर्जाबरोबर कोण देतो? ग्राहक सहकाराची इतकी उज्ज्वल परंपरा असलेल्या महाराष्ट्रात छोट्या दुकानदारांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करावी, यासाठी पद्धतशीर प्रयत्न झाले पाहिजेत. भावाच्या स्पर्धेत टिकण्याचा त्यांच्यापाशी दुसरा मार्ग नाही.

देणी वेळेवर चुकती करण्याचा प्रश्नही केवळ व्यापारी सचोटीवर सोडून भागणार नाही. छोट्या उत्पादकांची देणी फार तर ४५ दिवसांत भागवावीत, असे २००६ च्या कायद्याने सांगितले, आणि त्याला २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या तरतुदीची जोड दिली. २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांचाही समावेश लघुउद्योगांत झाला, पण तो अग्रक्रमाने मिळणाऱ्या कर्जापुरताच. थकलेल्या देण्यांबाबतचे संरक्षण त्यांना मिळालेले नाही. एखादी बडी साखळी कोसळते तेव्हा तिचे मालक वर्तमानपत्रांत झळकतात. परंतु तिला माल पुरवून हात पोळून घेतलेला छोटा माणूस कोणाच्याच जमाखर्चात दिसत नाही.

‘धंदा आपल्या रक्तात नाही’ या निदानाबद्दल शेवटी इतकेच सांगता येईल की, दुकानदारी ही हिशेबाची, संयमाची आणि शब्द पाळण्याची विद्या आहे. ती रक्तातून उतरत नाही; शिकावी लागते. शाळेच्या वर्गांत आणि कचेरीच्या टेबलांवर आयुष्यभर हिशेब चोख ठेवणारा वर्ग तिला अपात्र आहे, असे मानण्याचे काहीच कारण नाही. ज्या घरातून निवृत्तीची पुंजी आज दुकानासाठी बाहेर काढली जात असेल, त्या घराने गाळा पाहण्यापूर्वी एक वही विकत घ्यावी. तोरण बांधण्यास अवघी पाच मिनिटे पुरतात. ते तोरण पुढच्या वर्षी बदलण्याची पाळी येणार की पाटी बदलण्याची, हे त्या वहीतच ठरणार आहे.