चेटकिणीच्या नावे

आमच्या कोल्हापुरातल्या बँकेत सही जुळली नाही, तर दहा रुपयांचा चेकही परत जातो. इंग्रजी अमदानीतल्या अमेरिकेत, सेलम गावी, 1692 साली ‘हिची छाया येऊन मला चिमटे काढते’ असल्या साक्षी मानून 19 जणांना फाशी दिलं. त्यांत 14 बायका!

2014 साली आलेल्या ‘सेलम’ या टीव्ही मालिकेत मात्र चेटकिणी खऱ्याच, आणि खटल्यांमागचा कटही त्यांचाच! टिटुबा ही बिचारी गुलाम बाईसुद्धा त्यांतच. म्हणजे न्यायाधीश सुटले, बायका पुन्हा अडकल्या.

‘करमणूक हो!’ म्हणे. अहो, आपल्या नंदुरबारकडे बायकांना डाकीण ठरवून छळलंय. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. भुतं हवी तेवढी नाचवा. पण न्यायाधीशांचं पाप बायकांच्या नावे टाकू नका!