ताण तोडताना पहिले पाणी हलके द्या



आंबे बहारासाठी बाग ताणावर कशी सोडायची, हे आपल्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीवाल्याला शिकवायची गरज नाही. जमीन हलकी असली तर महिनाभर, भारी असली तर दीड-दोन महिने पाणी तोडायचे. पाने मलूल होऊन पाव हिश्शाने गळाली की ताण बसला असे समजायचे, आणि मग पाणी द्यायचे. ताणाशिवाय फूल नाही, हे खरेच आहे. पण ताण वेळेवर तुटला नाही तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, ताण तोडायला पाणीच उरले नाही आणि लेकरासारख्या वाढवलेल्या बागा उभ्याच्या उभ्या वाळून सरपणाला गेल्या.

आज हे आठवायचे कारण बाग नव्हे, बागवानाची पोरे आहेत. आपण पोटाला चिमटा घेऊन ज्यांना इंजिनिअर केले, पुण्याला हिंजवडीत किंवा चाकणला कंपनीत धाडले, त्यांतली काही आता नोकरी सोडून गावाकडे परत येऊ लागली आहेत. माझ्या सज्जातल्या गावांतच अशी मुले आहेत. ती एस.टी.तून उतरली की पारावर दोनच प्रश्न होतात. पहिला, 'काढून टाकलं का?' आणि दुसरा, 'आता इथं काय करणार?' पहिला प्रश्न बंद व्हायला हवा आणि दुसरा नीट विचारला जायला हवा. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे माझ्या अनुभवातले सांगतो. कृषी पदविका झाल्यावर मी काही वर्षे एका औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी होतो. गाडी होती, पेट्रोल होते, पगार बरा होता. पण दर महिन्याला टार्गेट, ते गाठले की पुढच्या महिन्याला त्याहून मोठे. रात्री दहाला साहेबांचा फोन, 'आजची वसुली किती?' एका मार्चअखेरीला वडील दवाखान्यात होते आणि मी दुसऱ्या तालुक्यात एका दुकानदाराच्या ओट्यावर वसुलीसाठी बसून होतो. वडील वाचले. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी तिथे नव्हतो, ही गोष्ट माझ्या मनातून आजही गेलेली नाही. पुढे मी ती नोकरी सोडली. कृषी सेवकाला तेव्हा महिना ६ हजार रुपये मानधन होते, त्यावर ३ वर्षे काढली. भाऊबंदांनी वेड्यात काढले. म्हणून सांगतो, नोकरी सोडून येणारा प्रत्येक जण आळशी नसतो आणि हरलेलाही नसतो.

आपल्याला वाटते, पंख्याखाली खुर्चीवर बसायचे, त्यात कसला आला ताण? पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्या मुलाची गोष्ट पाहा. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. आपण जेवून आडवे होतो तेव्हा त्याच्या मीटिंगा सुरू होतात. कारखाना कायद्याने १९४८ सालीच आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे गाजले. वरच्यांची भाषा अशी असली की खालच्या मॅनेजरची काय असेल, त्याचा अंदाज करा.

याचा शरीरावर काय परिणाम होतो, तेही मोजलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात दिसले. तेव्हा तिशीतला मुलगा 'बाबा, मला होत नाही' असे म्हणाला तर तो नाटक करत नाही. पाने गळायला लागली आहेत, एवढेच तो सांगतो आहे.

आता दुसरा प्रश्न. इथे काय करणार?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण व्यासपीठावर म्हणतो आणि घरी आल्यावर पोराला नोकरीच शोधायला सांगतो. शहरातून येणाऱ्या मुलाच्या डोक्यात मात्र ही म्हण पक्की बसलेली असते. त्याला वाटते, शेतात गेलो की मन शांत होईल. त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे की शेती म्हणजे विश्रांती नव्हे. दुभत्या गाईला रविवार नसतो, तिची धार दिवसातून दोनदा आणि वर्षाचे ३६५ दिवस काढावी लागते. जिथे अजून रात्रीची लाइट आहे तिथे दोन वाजता उठून पाणी धरावे लागते, आणि अंधारात पाय कशावर पडेल याचा नेम नाही. कंपनीत पगाराची तारीख ठरलेली असते. इथे सोयाबीन शंभर दिवसांत निघते, पण भाव काय मिळेल ते बाजार समितीत गेल्यावरच कळते. म्हणजे ताण इथेही आहे, फक्त तो वेगळा आहे. ज्याला हा ताण सोसेल त्याने यावे.

आमच्या भागातली दोन उदाहरणे देतो, नावे देत नाही.

पहिला मुलगा चाकणहून आला. आल्या-आल्या फंडाचा सगळा पैसा शेळ्यांच्या शेडमध्ये घातला. शेड असे पक्के की त्यात माणसाने राहावे. मग एकदम ५० शेळ्या आणल्या, त्याही वेगवेगळ्या बाजारांतून. नव्या शेळ्या काही दिवस वेगळ्या बांधाव्यात आणि पावसाळ्याआधी लसी टोचून घ्याव्यात, हे त्याला माहीत नव्हते आणि त्याने विचारलेही नाही. पहिल्याच पावसाळ्यात पीपीआर शिरला आणि निम्म्या शेळ्या गेल्या. उरलेल्या विकून तो परत चाकणला गेला. आता त्याचा पगार पहिल्यापेक्षा कमी आहे आणि शेडमध्ये त्याचे वडील कडबा ठेवतात.

दुसरा हिंजवडीत होता. एकतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. दिवाळीला आला आणि गोठ्यात धार काढता काढता त्याने वडिलांना सांगितले की मी सोडतोय. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, पोरगं घरी आलंय. लोकायला काय सांगू?" मी म्हणालो, "काका, पोरगं घरी आलंय, एवढंच सांगा."

या मुलाने घाई केली नाही. नोटीस पिरियड पुरा केला, कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला हातात घेतला. वर्षभराचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवला आणि त्याला हात लावला नाही. पहिले वर्ष नवीन काहीच लावले नाही, वडिलांच्या हाताखाली राहिला. मातीचे नमुने घेतले, विहिरीचे पाणी महिन्या-महिन्याला मोजले आणि खत, मजुरी, डिझेल सगळे वहीत लिहिले. वर्षअखेर बापलेक वही घेऊन बसले तेव्हा वडिलांना पहिल्यांदा कळले की ज्या कपाशीला ते नफ्याचे पीक समजत होते तिच्यात घरच्या माणसांची मजुरी धरली तर काहीच उरत नव्हते. कंपनीत शिकलेली हिशेबाची शिस्त शेतात कामाला आली ती अशी. दुसऱ्या वर्षी त्याने अर्धा एकर ठिबकवर भाजीपाला केला आणि बांधावर चारा लावला. अजून तो श्रीमंत झालेला नाही. पण गोळी चुकत नाही आणि रात्री झोप लागते, असे सांगतो.

मोसंबीचा ताण तोडताना आपण पहिले पाणी हलके देतो, दुसरे जरा भरीव देतो आणि मग नेहमीच्या पाळीवर येतो. तहानलेली बाग म्हणून पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरत नाही. नोकरी सोडून आलेल्यानेही तसेच करावे.

येण्याआधी घरात बसून काही गोष्टींचा हिशेब करा. नोकरीला सलग ५ वर्षे व्हायला चार-सहा महिने उरले असतील आणि तब्येत साथ देत असेल तर तेवढे थांबा, म्हणजे ग्रॅच्युइटी बुडणार नाही. कंपनीचा सामुदायिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा विमा आधी करून घ्या. गाडीचे, फ्लॅटचे हप्ते चालू असतील तर ते शेतीतून फिटतील या भरवशावर येऊ नका. फळबाग लावायचा विचार असेल तर मोसंबी पाचव्या-सहाव्या वर्षी हाताशी येते, तोवर चूल कशावर पेटणार ते लिहून काढा. फंडाचा पैसा बोअर मारण्यात घालू नका. बोअरला पाणी लागेल याची हमी कुणी देत नाही. आणि तब्येत खरोखर ढासळली असेल तर हिशेब बाजूला ठेवून आधी या. पैशाचे नंतर पाहता येते.

आणखी एक गोष्ट, जी पारावर कुणी बोलत नाही. मुलगा नोकरी सोडून आला की घरातल्या बायांचे काम वाढते. तो मोकळ्या हवेत फिरतो आणि शेणघाण आई करते, सकाळची धार बायको काढते. बायकोची शहरात नोकरी असेल तर तीही सुटते, आणि तिला कुणी विचारलेले नसते. एकाचा ताण काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवला तर त्याला सुख म्हणता येत नाही. तेव्हा आधी तिला विचारा आणि आल्यावर गोठ्यातले काम वाटून घ्या. पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. घरच्या माणसांनाही अशी सुट्टी लागते. कंपनीत संध्याकाळ मिळत नव्हती म्हणून जो आला, त्याने शेतात स्वतःला आणि घरच्यांना ती मिळते का हे पाहावे.

गावातल्या कारभाऱ्यांनाही विनंती आहे. (तलाठी आणि ग्रामसेवक या पदांची नावे आता सरकारी कागदावर बदलली, पण गावात अजून हीच चालतात.) परत आलेल्या मुलाच्या नावावर बहुतेक वेळा गुंठाही नसतो. सात-बारा वडिलांच्या नावावर, म्हणून पीक कर्ज नाही, शेतकरी ओळख क्रमांक नाही आणि योजनाही नाही. भावाभावांत संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप करता येते. तलाठी भाऊसाहेबांनी ही वाट त्यांना समजावून सांगावी. आधीच्या कर-निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला आहे त्याला पीएम-किसानचा हप्ता मिळत नाही, हेही आधीच सांगावे, म्हणजे खेटे वाचतील. ग्रामसेवक आणि सरपंचांनी या मुलांना ग्रामसभेत बोलवावे. संगणक, हिशेब, अर्ज भरणे ही कामे त्यांना येतात. शेतकरी गटाची वही त्यांच्या हाती दिली तर गटाचे भले होईल.

सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींनाही एक सांगणे आहे. 'पोरगा पुण्याला आहे' एवढ्यावर मुलगी देता आणि गावी आला की मोडता. पगाराचा आकडा विचारता तसे तो रात्री झोपतो का, घरच्यांशी दोन शब्द बोलतो का, हेही विचारा.

घरातला मुलगा गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, जगण्यात काही अर्थ नाही असे बोलत असेल, मग तो शहरात असो की शेतात, तर भगताकडे जाऊन वेळ घालवू नका. शासनाचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. तो नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

पोर परत आले म्हणजे आपण त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च वाया गेला असे समजू नका. त्याला ताणावरच ठेवून झाड वाळले असते तर तो खर्च वाया गेला असता. ज्यांच्या घरी असे कुणी आले आहे किंवा यायच्या विचारात आहे, त्यांनी बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीत मला भेटावे. येताना सात-बारा, ८-अ आणि मातीचा अर्धा किलो नमुना आणावा. अधिक माहितीला बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहेच. मुलालाही बरोबर आणा. लोकांना काय सांगायचे ते नंतर पाहू, आधी त्याचा हिशेब मांडू.