‘आत्मविलय’ : एका सैल संज्ञेचा हिशेब

मराठी समीक्षेत काही संज्ञा अशा आहेत की त्यांच्याकडून कोणी काही काम मागत नाही. त्या आल्या की वाक्याला भारदस्तपणा येतो, एवढेच. ‘आत्मविलय’ ही त्यांपैकी एक. अभंगाविषयी लिहिताना ती येते, ध्यानसाधनेविषयी लिहिताना येते, आणि दारूने किंवा गर्दने पोखरलेल्या कवीविषयी लिहितानाही तीच येते. संताने स्वतःला नामात हरवले, कवीने पेल्यात हरवले. वाटा दोन, मुक्काम एक, असा हा युक्तिवाद असतो. त्याचीच उलटी बाजू स्वतःला बुद्धिवादी म्हणविणारे वापरतात : ध्यान हीही एक नशाच. मार्क्सचे अफूविषयीचे वचन त्यांच्या हाताशी असतेच (ते ज्या परिच्छेदात येते तो पुरता वाचण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते). हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे. व्यसनात ‘मी’ नाहीसा होतो, हे ते गृहीतक. व्यसनाविषयीच्या ज्या संहिता आपल्यापुढे आहेत त्या मात्र याच्या नेमके विरुद्ध साक्ष देतात.

या गोंधळाला एक देशी पूर्वेतिहास आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती मांडताना ‘सविकल्प समाधी’ ही संज्ञा योजिली. वाचक स्वतःची भूमिका पुरती न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी वावरात आनंद असतो, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. ही उपपत्ती अपुरी आहे हे खरे. पण योगशास्त्रातून शब्द उचलताना केळकरांनी त्याचे विशेषण सोडले नव्हते, हे विसरता कामा नये. ज्ञाता आणि ज्ञेय यांचा भेद ‘सविकल्प’ अवस्थेत शिल्लक राहतो. पुढच्या समीक्षाव्यवहाराने समाधी ठेवली आणि विशेषण गाळले. मग तल्लीनता, तंद्री, उन्माद, झिंग आणि समाधी या सगळ्यांची एकच पंगत बसली.

व्यसनाच्या आत्मकथनाचा आद्य आधुनिक नमुना म्हणून टॉमस डी क्विन्सीच्या ‘कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर’कडे बोट दाखविले जाते. १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’मधून ते प्रथम प्रसिद्ध झाले. १८०४ साली चेहऱ्याच्या व डोक्याच्या वेदनांवर उतारा म्हणून त्याने लंडनमध्ये अफूचा अर्क घेतला, तेथून ही कथा सुरू होते. आत्मविलयाच्या शोधात या पुस्तकाकडे जाणाऱ्याची मोठी निराशा व्हावी. मद्य आणि अफू यांची तुलना करताना डी क्विन्सी बजावून सांगतो की, मद्याने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, अफूने तो उलट बळकट होतो. अफूचे त्याला वाटणारे आकर्षणच या ताब्यात आहे. पुढे सुख संपते आणि यातना सुरू होतात, तेव्हाही त्याचा ‘मी’ विरत नाही. तो हिशेब लिहू लागतो. दिवसाला आठ हजार थेंब ही त्याने दिलेली कमाल मात्रा. १८२१ च्या संहितेच्या शेवटी आपण बेडी जवळजवळ तोडली असल्याचा दावा तो करतो, आणि १८२२ साली लिहिलेल्या परिशिष्टात ती तुटली नसल्याची कबुली देऊन रोजच्या थेंबांचा तक्ताच मांडतो. कोणत्या दिवशी किती, दुसऱ्या दिवशी किती, कोठे उतरले, कोठे पुन्हा चढले. दुकानदाराच्या वहीत शोभावा असा हा तक्ता आहे. १८५६ साली त्याने पुस्तकाची वाढविलेली आवृत्ती काढली. तीत फुगले ते प्रामुख्याने बालपणाचे व तारुण्याचे आत्मचरित्र. या कथेचा खरा नायक अफूच आहे असे त्याने म्हटले होते खरे. पण नायकाला जागा करून देण्यासाठी निवेदक तसूभरही मागे सरकलेला नाही.

बोदलेअरने १८६० च्या ‘कृत्रिम स्वर्ग’ या ग्रंथात डी क्विन्सीचा सारांश आणि हशीशवरचा स्वतःचा निबंध एकत्र बांधले. त्या निबंधातील एका प्रकरणाचे शीर्षक ‘मानव-देव’ असे आहे, आणि नशेच्या शिखरावर माणूस स्वतःलाच ईश्वर मानू लागतो हे त्याचे निदान आहे. बोदलेअरला व्यसनी कवीचा आदर्श म्हणून मिरविणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावयास हरकत नव्हती. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी बोलतो. आता खेळणार नाही असा निश्चय तो करतो, पटावर फाशांचा आवाज होतो आणि तो निघतो. बायको तुटली, सासू तुच्छ लेखू लागली, घरचे लोक ओळख नाकारू लागले, या सगळ्याची त्याला लख्ख जाणीव आहे. त्या सूक्तात हरवलेले पुष्कळ आहे. ‘मी’ तेवढा जागच्या जागी आहे.

ग्रेगरी बेटसनने १९७१ साली लिहिलेल्या मद्यासक्तीवरील निबंधाचा येथे हवाला दिला जाईल. मद्यप्याची शुद्धीतली जीवनदृष्टीच कोठेतरी सदोष असते आणि दारू ही त्या दोषावरची तात्पुरती दुरुस्ती असते, असे बेटसन म्हणतो. एवढेच उचलून दारूत मुक्तीचा अंश शोधला जातो. निबंधाचा गाभा पुढे आहे. ‘मी बाटलीला हरवू शकतो’ या अभिमानावर मद्यप्याचे सारे गाडे चालते. काही महिने तो दारू सोडतो. आव्हान संपल्याने अभिमानाला खाद्य उरत नाही. मग ‘मी एकच पेला घेऊन थांबू शकतो’ हे सिद्ध करण्यासाठी तो पुन्हा पेला उचलतो. पिणारा आणि न पिणारा ‘मी’ एकच असतो व दोन्ही वेळा तो स्वतःची फुशारकीच जपत असतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरी हतबलतेची कबुली ही आहे. बेटसनच्या लेखी या कबुलीला महत्त्व आहे ते याच कारणाने. तेथे माणूस उठून नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचे सांगतो. तो स्वतःला विसर्जित करीत नाही. एका साध्या वाक्याचा कर्ता म्हणून पहिल्यांदाच उभा राहतो.

आता भीतीकडे वळले पाहिजे, कारण ‘आत्मविलय’ हा शब्द वापरणारे या भीतीविषयी चकार शब्द काढत नाहीत. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात एक माणूस येतो. सर्व दृष्टींचा उच्छेद करणारी देशना तो ऐकतो आणि आपण नष्ट होणार, आपण उरणारच नाही, या विचाराने ऊर बडवून रडतो. जे मुळात नाही त्याच्यासाठी चाललेला हा आकांत आहे, असे सुत्त सांगते. ‘मी’ जाईल या भयाचे याहून जुने आणि याहून नेमके चित्र सापडणे कठीण. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात विपश्यनेच्या टप्प्यांची मांडणी करताना या भयाला स्वतंत्र स्थान दिले. सर्व संस्कार भंग पावताना दिसू लागले की पुढला टप्पा भयाच्या ज्ञानाचा. आणि तो प्रश्न विचारतो : हे भयाचे ज्ञान स्वतः भिते काय? उत्तर नकारार्थी आहे. नगरद्वारापाशी निखाऱ्यांचे खड्डे पाहणारा डोळस माणूस त्यात पडणाऱ्यांचे काय होईल हे जाणतो, स्वतः मात्र भीत नाही. मराठी अभ्यासकाला हा ग्रंथ परका वाटण्याचे काही कारण नाही. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्याच्या संपादनात आयुष्यातील मोठा काळ घालविला. त्यांची नागरी आवृत्ती १९४० साली निघाली. तरीही आपल्या समीक्षेत ‘आत्मविलय’ येतो तो रोमँटिक काव्याच्या वाटेने, धुक्यासारखा. पालि परंपरेतील काटेकोर शब्दव्यवस्थेशी त्याची गाठ पडत नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक स्थळ आहे. साधना पिकू लागली की प्रकाश, प्रीती, प्रश्रब्धी, सुख अशा दहा गोष्टी साधकापुढे येतात, आणि हाच मार्ग असे त्याला वाटू लागते. बुद्धघोष त्यांना उपक्लेश म्हणतो. दहावी गोष्ट म्हणजे निकन्ति, या अनुभवांची सूक्ष्म चटक. ध्यानाचेही व्यसन लागते हे सांगण्यासाठी परंपरेला आधुनिक बुद्धिवाद्याची वाट पाहावी लागली नव्हती. आणि तिची कसोटी व्याकरणाची आहे : हा प्रकाश ‘माझा’, हे सुख ‘माझे’ असे धरले की साधना अडली. षष्ठीचा प्रत्यय जेथे चिकटतो तेथे आसक्ती सुरू होते. ही कसोटी संहितेला लावता येते, आणि समीक्षेच्या हाती संहितेखेरीज दुसरे असते काय? डी क्विन्सीच्या तक्त्याला ती लावून पाहावी. माझे थेंब, माझी स्वप्ने, माझ्या यातना : सारे पुस्तक षष्ठीचे आहे.

सत्यनारायण गोयंका यांची हकिगत येथे मुद्दाम पाहण्याजोगी आहे. ब्रह्मदेशात मंडाले येथे १९२४ साली जन्मलेला हा व्यापारी अर्धशिशीने हैराण झाला होता. वेदनेवर मॉर्फिन दिले जाई, आणि त्याचेच व्यसन लागेल अशी भीती निर्माण झाली होती. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ रोग बरा करण्यासाठी येत असाल तर शिकविणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. डी क्विन्सीची कथाही डोक्याच्या दुखण्यापासूनच सुरू होते. दीडशे वर्षांच्या अंतराने अफूच्याच कुळातील औषधाशी दोघांची गाठ पडते. गोयंका १९६९ साली भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीला शिबिरे भरू लागली. माणसाला व्यसन पदार्थाचे नसते, त्या पदार्थाने शरीरावर उठणाऱ्या संवेदनेचे असते, अशी त्यांची शिकवण. ती वैद्यकशास्त्राला कितपत मान्य होईल हा प्रश्न वेगळा. वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा एक नियम मात्र तेथे आहे : दहा दिवस बोलणे नाही, वाचणे नाही आणि लिहिणेही नाही.

‘आत्मविलया’च्या सैलपणाचे एक कारण या नियमात सापडते. व्यसनी माणूस लिहितो. त्याचा थेंबाथेंबाचा हिशेब छापला जातो, त्याच्या आवृत्त्या निघतात, त्यावर प्रबंध होतात. संवेदना पाहत बसलेल्या माणसाची वही शिबिरापुरती काढून घेतलेली असते. समीक्षा जे लिहिले गेले त्यावर जगते. म्हणून ज्याने लिहिले त्याचाच आत्मलोप तिला दिसतो, आणि जो लिहीत नव्हता त्याच्या अनुभवावर ती लिहिणाऱ्याची शब्दकळा चढविते. साधनेत सारे आलबेल असते, असे यातून कोणी काढू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना या शिबिरांपासून दूर राहण्यास सांगितले जाते, ते उगाच नव्हे. ज्याचा ‘मी’ आधीच डळमळीत आहे त्याची भीती ही अज्ञानातून आलेली समजून हसण्यावारी नेणे क्रूरपणाचे होईल.

संतांनी मात्र लिहिले, निदान गायिले. म्हणून खरी परीक्षा तेथे आहे. आपले मरण आपणच पाहिल्याचे तुकाराम सांगतात; या अभंगाला आत्मविलयाचे प्रमाणपत्र म्हणून किती वेळा राबविले गेले याची गणती नाही. पण पाहणारा तेथे उरलेला आहे, आणि शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ ही मुद्रा आहे. ‘मी’ मेला असे सांगणाऱ्या रचनेवर नाव कशासाठी? ही निव्वळ रूढी म्हणून सोडून देणे सोपे आहे. मुद्रेतला तुका प्रथमेत आहे आणि तृतीय पुरुषी आहे : कोणी एक तुका असे म्हणतो. अनुभवावरची मालकी सोडून उक्तीची जबाबदारी घेणारी ही रचना आहे. नाव पुसले जात नाही. ते दुसऱ्या कोणाचे असावे इतक्या तटस्थतेने उच्चारले जाते. झिंगेत हे जमत नाही. याच फरकावर आपल्या समीक्षेने ‘विलय’ या एका शब्दाने बोळा फिरविला आहे.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो टाळणाऱ्याने संतकाव्यावर बोलू नये. मालकी सोडावयाची ती कोणी? ज्याच्यापाशी होती त्याने. ज्यांना गावाने ‘मी’ म्हणू दिले नाही, त्यांच्यापुढे अहंकारत्यागाचे प्रवचन कशासाठी? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) निवेदन एकाच माणसाच्या दोन नावांत विभागले आहे, सुशिक्षित दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. त्या दुभंगलेल्या ‘मी’ला आणखी विरवून टाका असे सुचविणारी समीक्षा आपण कोणाशी बोलत आहोत हे विसरली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आंबेडकरांनी अनात्मवादी धर्मात प्रवेश दिला तो बावीस प्रतिज्ञांनी, आणि त्या प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. आत्मा नाकारणाऱ्या धम्माच्या दारात ‘मी’ हे सर्वनाम हजारो तोंडांनी उच्चारले गेले, यात विसंगती पाहणाऱ्याने अनात्म आणि आत्महीनता यांतला फरक समजून घेतलेला नाही. अलगद्दूपमातील माणूस, ‘मी’ जाईल म्हणून रडत होता. नागपुरातील माणसाला तो पहिल्यांदा मिळत होता.

चोखामेळ्याची मुद्रा ‘चोखा म्हणे’ अशी, तुकारामांसारखीच प्रथमेतली. पण ज्याची सावली टाळली जात होती त्याने स्वतःचे नाव असे उच्चारणे आणि देहूच्या वाण्याने उच्चारणे एक नव्हे. चोखोबाला ते आधी मिळवावे लागले. सोयराबाईची मुद्रा आणखी निराळी आहे. तिच्या अभंगांत ती स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणविते : नाव नवऱ्याचे, उरलेला शब्द जातीचा, आणि दोहोंना जोडणारा षष्ठीचा प्रत्यय. वर जी कसोटी लावली ती येथे उलटी होते. डी क्विन्सीच्या षष्ठीत सारे त्याच्या मालकीचे होते, सोयराबाईच्या षष्ठीत तीच दुसऱ्याची आहे. तिच्या अभंगांतील अद्वैतावर लिहिताना ‘आत्मविलय’ हा शब्द आजही बिनदिक्कत वापरला जातो. त्या चार अक्षरांच्या ‘चोखियाची’पाशी थांबून, विरले ते नेमके कोणाचे, हे विचारलेले क्वचितच आढळते.