वारेची संप्रेरके

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीस इंदूर येथे मुलगी झाली. चौथ्या दिवशी सकाळी बाळाच्या दुपट्यावर रक्ताचा लहानसा डाग दिसला आणि सारे घर गप्प झाले. भेटीस आलेल्या एका वयस्क बाईंनी बाळंतिणीकडे रोखून पाहत विचारले, ‘‘दिवस असताना काही उष्ण खाल्लंस का गं?’’ त्याच मुलीच्या छातीवर दोन्ही बाजूंस बोराएवढ्या गाठी आल्या होत्या, आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाई त्या दाबून आतला चीक काढण्याच्या बेतात होत्या. डॉक्टरीणबाईंनी वेळीच येऊन, ह्या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, गाठींना हात लावू नका, असे बजावले आणि कारण म्हणून एकच वाक्य उच्चारले : ‘‘आईच्या हॉर्मोन्समुळे असं होतं.’’ घराची भीती गेली. परंतु सर्वजण बाहेर गेल्यावर बहीण हळूच म्हणाली, ‘‘ताई, म्हणजे माझ्यामुळेच ना?’’

ते वाक्य मला नवे नव्हते. ‘मातेच्या संप्रेरकांमुळे’ हे शब्द भाषांतराच्या ओघात मी स्वतः कित्येकदा लिहिले आहेत. ते अर्धेच खरे आहेत आणि शालेय व आरोग्यविषयक मराठी लेखनातून ते काढून टाकावेत, असे माझे आता निश्चित मत झाले आहे.

गर्भारपणातील संप्रेरके मुळात येतात कोठून, हे प्रथम पाहू. बीजकोशातून बीज सुटल्यावर त्या जागी पीतपिंड नावाची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते व ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करते. गर्भ राहिला नाही, तर ही ग्रंथी सुमारे दोन आठवड्यांत सुकते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि गर्भाशयाचे अस्तर गळून पाळी येते. गर्भ राहिला असता मात्र भावी वारेच्या पेशी एच. सी. जी. हे संप्रेरक मातेच्या रक्तात सोडतात व त्यामुळे पीतपिंड टिकून राहतो. प्रारंभी ह्या संप्रेरकाचे प्रमाण साधारणतः दर दोन-तीन दिवसांस दुप्पट होते. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास ते कळसास पोहोचते व पुढे उतरते. बर्लिन येथे आशहाइम व त्सोंडेक ह्या शास्त्रज्ञांनी १९२७ च्या सुमारास गर्भवतीचे मूत्र लहान उंदीरमाद्यांना टोचून गर्भनिदानाची जी पद्धत शोधली, तिच्या मुळाशी हेच संप्रेरक होते. आज औषधांच्या दुकानात मिळणारी चाचणीची पट्टीही त्याचाच माग काढते. वारेचा बहुतेक भाग फलित बीजापासूनच वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे गर्भधारणेची पहिली वर्दी मातेचे शरीर देत नसून गर्भाच्या बाजूनेच ती येते, असे म्हणावे लागते.

सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन निर्माण करण्याचे कामही वार आपल्याकडे घेते. त्यानंतर काही कारणाने मातेचे बीजकोश काढून टाकावे लागले, तरी गर्भ टिकू शकतो. दिवस भरत आले म्हणजे वार रोज सुमारे २५० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन बनवते. पीतपिंडाची सर्वाधिक निर्मिती ह्याच्या सुमारे दशांश असते. ह्या कामासाठी लागणारे कोलेस्टेरॉल वार मातेच्या रक्तातून घेते, म्हणून मातेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही.

इस्ट्रोजेन-वर्गातील संप्रेरकांची कथा ह्याहून विलक्षण आहे. ती आरंभापासून अखेरपर्यंत एकटीने बनविण्याचे सामर्थ्य वारेत नाही. मधल्या एका टप्प्यास आवश्यक असणारे विकर तिच्याजवळ नसते. तो टप्पा मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी पार पाडतात, आणि त्याही विशेषेकरून गर्भाच्या. जन्मापूर्वी ह्या ग्रंथी शरीराच्या मानाने कितीतरी मोठ्या असतात. त्यांनी तयार केलेला कच्चा माल नाळेवाटे वारेत येतो, वार त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि त्यातील बराच भाग मातेच्या रक्तात उतरतो. गर्भारपणातील इस्ट्रिऑल ह्या संप्रेरकाचा जवळजवळ ९० टक्के कच्चा माल गर्भाकडून आलेला असतो. ज्या दुर्दैवी गर्भात मेंदूची वाढ होत नाही व त्यामुळे अधिवृक्क ग्रंथीही खुरट्या राहतात, त्याच्या मातेच्या मूत्रात इस्ट्रिऑल अत्यल्प आढळते. १९६० नंतरच्या दशकात स्टॉकहोम येथील डिक्झफालुसी ह्यांनी गर्भ व वार मिळून संप्रेरके घडविणारा एकच घटक आहे, अशी जी मांडणी केली, तिचा आशय हाच होय. मग ह्या संप्रेरकांना केवळ ‘मातेची’ कसे म्हणावे? ज्या इस्ट्रोजेनमुळे बाळाच्या छातीवर गाठी येतात, त्याचा मोठा हिस्सा बाळाने स्वतःच पुरविलेला असतो. मातेने काय खाल्ले, ह्याचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रसूतीनंतर वार पडते आणि काही दिवसांतच दोन्ही शरीरांतील ह्या संप्रेरकांची पातळी कोसळते. मातेच्या ठिकाणी प्रोजेस्टेरॉनचा अटकाव दूर झाल्यामुळे प्रोलॅक्टिनचा प्रभाव सुरू होतो व दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरते. वारेचा तुकडा आत राहिला, तर ते भरण्यास विलंब लागतो, तो ह्याचमुळे. बाळाच्या ठिकाणी अगदी हेच लहान प्रमाणावर घडते. इस्ट्रोजेनमुळे स्तनग्रंथी आधीच फुगलेल्या असतात, प्रोलॅक्टिन रक्तात असतेच. त्यामुळे काही बाळांच्या छातीतून चार थेंब दूध येते. जर्मनीत व इंग्लंडात त्यास पूर्वी चेटकिणीचे दूध म्हणत. घाबरून कारण शोधण्याची खोड केवळ आपल्याकडेच होती असे नाही, हे वाचून मला थोडे बरे वाटले! मुलीच्या गर्भाशयाचे अस्तरही आधार सुटताच किंचित गळते, आणि दुपट्यावर डाग पडतो.

हे थेंब पहिल्या आठवड्यात दिसतात व दोन-चार दिवसांत थांबतात. रक्त त्याहून अधिक जात असेल, पुढेही चालू राहिले, किंवा नाळेतून वा शौचातून येऊ लागले, तर ती निराळी बाब आहे व तत्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे. छातीच्या गाठी काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत आपोआप जिरतात. त्या पिळल्या, तर नाजूक त्वचेतून जंतू आत शिरून गळू होते व ते कापावे लागते. शिवाय पिळण्याने दूध येणे थांबत नाही, उलट लांबते. गाठ लाल व गरम झाली, एकाच बाजूस वाढली किंवा बाळास ताप आला, तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये.

वारेच्या इस्ट्रोजेनचे आणखी एक कार्य असते. गर्भाच्या पोष ग्रंथीवर ते दाब ठेवून असते. जन्मानंतर तो दाब उठतो आणि आठवड्याभरात ती ग्रंथी बाळाच्या स्वतःच्या बीजकोशांस वा वृषणांस जागे करू लागते. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान पुष्कळ चढते व सहाव्या महिन्याच्या सुमारास उतरते. मुलींमध्ये ही हालचाल अधिक काळ रेंगाळते. लियाँ येथील मागलोन फोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मुलग्यांमधील ही चढती पातळी दाखवून दिली. रक्ततपासणीच्या कागदावरील आकडा बाळाच्या वयाच्या मापाने न वाचल्यास निष्कारण घबराट होते. उलट ज्या मुलाचे वृषण उतरलेले नाहीत, त्याच्या तपासणीस हेच महिने सोयीचे असतात. ते निघून गेले म्हणजे रक्तातील ही साक्ष पुढे कित्येक वर्षे मिळत नाही.

शाळेच्या पुस्तकातील प्रजननाचे प्रकरण प्रसूती व स्तन्यपान ह्यांपाशी संपते. बाळाच्या शरीरात पुढे काय घडते, हे त्यात यावयास हवे, आणि ते सांगताना शब्द जपून योजावेत. प्रोजेस्टेरॉनला ‘प्रगर्भरक्षी’ व इस्ट्रोजेनला ‘स्त्रीमदजन’ असे प्रतिशब्द विद्वानांनी घडविले आहेत. त्यांच्या परिश्रमाविषयी आदर बाळगूनही मी मूळ नावेच ठेवते, कारण औषधाच्या पुड्यावर तीच छापलेली असतात. मात्र ‘अपरा’ ह्या शब्दापेक्षा ‘वार’ मला शतपटीने बरा वाटतो. ‘वार पडली का?’ हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील सुइणी पिढ्यानपिढ्या विचारीत आल्या आहेत.

इंदूरच्या त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईंना मी ‘वारेची संप्रेरके’ असेच शब्द योजून सारे सांगितले. वार पडल्यावरच दूध उतरते, हे त्यांना ठाऊक होते. बाळाच्या छातीतही तसेच होते, हे पटण्यास वेळ लागला नाही. त्यांची शंका निराळीच होती. मुलीचे ठीक आहे, पण मुलग्यांच्याही छातीत दूध येते, ते कसे? वारेला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नसतो, इस्ट्रोजेन दोघांनाही सारखेच मिळते, असे मी म्हटले. ‘‘असं होय!’’ म्हणून त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली आणि छातीस हात न लावता बाळाचे पाय चोळावयास सुरुवात केली.