भज्यांचं तेल आणि कोळशाचा गाळ

पावसाळी वीकेंडला भुशी डॅमवर जाऊन कांदाभजी न खाता परतणारा माणूस सापडणं कठीण. त्या दोन दिवसांत लोणावळ्यात किती कढया चढतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कढईत उरलेल्या काळ्या तेलाचा तर नाहीच. नियम आहे, बरं का! तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असं एफएसएसएआयने 1 जुलै 2018 पासून बंधनकारक केलंय. असं तेल बायोडिझेलकडे वळवणारी ‘रुको’ मोहीमही त्याच वर्षीची. पण ते न्यायला दारात कुणी आलंच नाही, तर टपरीवाल्यापुढे दोनच वाटा उरतात. पुन्हा कढई, नाहीतर गटार.

या तेलाला आणखी एक वाट आहे, ती विजेपर्यंत जाते. आपल्याला इथल्या धरणांचा आणि त्यांच्या पाण्यावर 1915 मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्राचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण राज्याच्या विजेचा मोठा भार आजही कोळशावरच आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट! आपल्या कोळशात राख फार, म्हणून वणी-चंद्रपूर भागात तो वॉशरीत धुतात. कोळसा दगडापेक्षा हलका, त्यामुळे मोठे तुकडे सहज वेगळे होतात. पाण्यात उतरलेला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुरा मात्र या हलक्या-जडच्या हिशेबात बसत नाही. तो मातीत मिसळतो आणि त्याचा काळा गाळ होतो. हा गाळ पावसात वाहून नाल्यात किंवा शेतात गेला, तर नुकसान तिथल्या माणसांचं.

इथे तेल कामाला येतं. कोळशाला पाण्यापेक्षा तेल जवळचं, मातीला तेलापेक्षा पाणी. गाळात तेल घालून जोरात घुसळलं की ते कोळशाच्या कणांना चिकटतं, कण एकमेकांना धरतात आणि साबुदाण्यासारख्या गोळ्या होतात. गोळ्या चाळणीवर राहतात, माती पाण्याबरोबर निघून जाते. ताक घुसळून लोणी काढावं, तसंच हे.

मग सगळीकडे असं का करत नाहीत? पैसा! 100 किलो कोळशामागे 10 किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त तेल लागतं. 1970 च्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले आणि कल्पना मागे पडली. वाया जाणारं तेल वापरलं तर गणित बदलू शकतं. स्पेनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं आणि 2006 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आयआयटी दिल्लीतही वनस्पती तेलांवर काम झालंय. शिवाय घातलेलं तेल कोळशासोबत जळतं, म्हणजे त्याची उष्णताही मिळते.

सोलरच्या जमान्यात कोळशाचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण जे खणून, धुऊन झालंय त्यातलं टाकलेलं वापरलं, तर तेवढं नवं खणावं लागणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

हिशेब मात्र प्रामाणिक हवा. 1 टन चुऱ्याला 100 किलो तेल धरलं, तर लोणावळ्यातल्या सगळ्या कढया रिकाम्या करूनही विदर्भातला गाळ संपणार नाही. तेलाचे डबे ट्रकने तिकडे नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तिथल्या गाळाला तिथल्याच हॉटेलांचं तेल बरं. आपल्या तेलासाठी नगरपरिषदेने आठवड्यातून एकदा गोळा करणारी गाडी फिरवावी, ते बायोडिझेलला जाऊ द्यावं.

प्रयोग मात्र इथेही होऊ शकतो. मावळात इंजिनीअरिंग कॉलेजेस आहेत, फायनल इयरचे प्रोजेक्ट आहेत, आणि त्यातले किती सिनिअर्सच्या फाईलमधून जसेच्या तसे उतरतात ते आपल्याला माहीत आहे. गाळाचा एक कॅन, घुसळायचं यंत्र, चाळणी, राख मोजायची भट्टी, एवढ्यावर सुरुवात होते. 10 किलोऐवजी 5 किलो तेलात काम भागेल का? जास्त तळलेलं तेल चांगलं चिकटतं की कमी तळलेलं? आपल्याकडच्या गाळासाठी ही उत्तरं आपल्यालाच काढावी लागतील. प्रोजेक्टचा विषय अजून सबमिट केला नसेल, तर गाईडशी आजच बोला.